जमिनीला कान लावणारा बॉस

“बंद करा! आधी ते पाणी बंद करा! कुणी सोडलंय हे?”

आमच्या क्लबचा अध्यक्ष गेटपासूनच ओरडत आला. हा गृहस्थ धंद्याने प्लंबर, आणि आवाज असा, की तो न्यू लिनमध्ये शिंकला तर अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातले कोबीवाले मान वर करून बघत. त्या शनिवारी सकाळी त्याने व्हॅनचं दार उघडंच टाकलं आणि गमबूट घालून तो मैदानात घुसला. समोर जे दिसलं ते बघून त्याचा आवाज, आयुष्यात पहिल्यांदाच, मध्येच तुटला.

आमच्या फुटबॉलच्या मैदानावर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या पश्चिम भागातली झाडून सगळी मराठी कुटुंबं बागेच्या नळ्या धरून उभी होती. माझी बायको रात्रपाळी करून थेट हॉस्पिटलमधून आलेली, नर्सच्या गणवेशात, पायात जँडल्स (तिकडे रबरी चपलांना जँडल्स म्हणतात), आणि गुलाबांना घालावं तशा प्रेमाने कॉर्नरच्या झेंड्याला पाणी घालत होती. पलीकडे एक भूलतज्ज्ञ डॉक्टर क्रिकेट क्लबच्या शेडमधला लोखंडी रोलर ओढत होते. आणि या सगळ्याच्या मधोमध आमचा स्पॅनिश मॅनेजर अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोळे मिटून उभा होता. तो हातातला बॉल खाली सोडायचा, कान तिरपा करून ऐकायचा, दोन पावलं सरकायचा, पुन्हा सोडायचा.

“जन्मभर लोकांच्या घरातलं पाणी थांबवत आलो मी!” अध्यक्षाला आवाज परत सापडला. “आणि माझ्याच ग्राउंडवर तुम्ही पूर आणताय? अख्खा हिवाळा आभाळ ओतत होतं, ते कमी पडलं? दुपारी मॅच आहे, मॅच!”

मॅनेजरने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

“श्श. ऐकतोय.”

आता हा माणूस काय ऐकत होता, आणि एका फुटबॉलच्या मॅचपायी आम्ही क्रिकेटवाले मराठी लोक नळ्या घेऊन का उभे होतो, हे समजायला तुम्हाला माझ्याबरोबर न्यू लिनच्या औषधाच्या दुकानात यावं लागेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून फार्मसीची डिग्री घेऊन गेलो होतो, पण तिथल्या परीक्षा पास होईपर्यंत त्या डिग्रीची किंमत भिंतीवरच्या कॅलेंडरइतकी. तोवर काउंटरमागे उभं राहायचं आणि खोकल्याच्या गोळ्या, सनस्क्रीन आणि रबरी जँडल्स विकायच्या. एका दुपारी एक माणूस आत आला. उंची बेताची, केस काळेभोर, नाक असं की त्याच्या सावलीत एक माणूस आरामात पेपर वाचत बसेल. आणि उजवा गुडघा पपनसाएवढा. त्याने क्रेप बँडेज मागितलं आणि तिथेच खुर्चीवर बसून स्वतः बांधायला लागला. इतकं वाईट बांधत होता की मला बघवेना. फार्मसीच्या अभ्यासात बँडेज बांधणं नसतं, पण माझी बायको नर्स. आमच्या घरात भाजी चिरण्याआधी मला बँडेज बांधता यायला लागलं होतं. मी काउंटर ओलांडून गेलो आणि त्याचा गुडघा नीट आवळून दिला.

तो उठला. दारापर्यंत जाऊन परत आला. मग काउंटरवरून बँडेजचा एक गुंडाळलेला रोल खाली पडला होता, तो त्याने बुटाच्या टोकाने उचलला. उचलला म्हणजे हाताने नाही हो. पायाने. पायावरून डाव्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून खांद्यावर, खांद्यावरून पुन्हा पायावर. बाजूला सेंटच्या बाटल्यांची काचेची मांडणी होती, तिला साधा वाराही लागला नाही. शेवटी त्याने तो रोल टाचेने मागच्या मागे उडवला आणि बरोबर टोपलीत टाकला. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी रांगेत उभ्या असलेल्या आज्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एका आजींचं बीपी तिथल्या तिथे नॉर्मल झालं. हे मी पूर्ण वैद्यकीय जबाबदारीने सांगतो आहे.

“शनिवारी ये,” तो मला म्हणाला. “बँडेज घेऊन.”

असा मी आमच्या भागातल्या फुटबॉल क्लबचा ‘डॉक्टर’ झालो. आमच्या महाराष्ट्र मंडळातले खरे डॉक्टर यावर महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. “आम्ही एवढे एमडी, एफआरसीएस इथे पडलोय आणि टीमचा डॉक्टर कोण, तर हा गोळ्या मोजणारा!” त्यांत सगळ्यांत जास्त दुखावले ते आमचे भूलतज्ज्ञ. हे साहेब बोलायला लागले की पेशंटला इंजेक्शनची गरज पडत नसे.

त्या स्पॅनिश माणसाची कारकीर्द मला हप्त्याहप्त्याने कळली, त्याच्या गुडघ्याला बँडेज बांधता बांधता. समुद्रकाठच्या एका लहान गावात वाळूवर तो खेळायला शिकला. मग दुसऱ्या दर्जाच्या एका संघात गेला. तो संघ एका वर्षी कसाबसा वर चढला आणि त्या एका मोसमात त्यांना राजधानीत जाऊन देशातल्या सर्वांत मोठ्या स्टेडियममध्ये खेळायला मिळालं. समोरच्या संघात एक असा फॉरवर्ड होता, की त्याच्या फोटोपुढे लोक उदबत्त्या लावत. (उदबत्त्या माझ्या. बाकी त्याचं.) त्या फॉरवर्डला अडवायचं काम याच्यावर आलं.

“स्टेडियममध्ये लोक किती होते?” मी विचारलं.

“खूप,” तो म्हणाला.

आता ‘खूप’ या शब्दावर मंडळात गोष्ट उभी राहते का? गणेशोत्सवात मी ते एक लाख केले. दिवाळीत दीड लाख. ते स्टेडियम मी दर सणाला वाढवत गेलो, आर्किटेक्ट न लावता.

“मग? अडवलंस कसं त्याला?”

“अडवलं नाही. त्याला जिथे जायचं होतं, तिथे आधी जाऊन उभा राहिलो.”

“म्हणजे त्याच्याहून जोरात धावलास?”

“नाही. धावलो असतो तर तोच आधी पोचला असता. तो फार फास्ट होता.” त्याने खांदे उडवले. “मी नुसता उभा राहिलो. मला माहीत होतं तो कुठे येणार. तो आला. बॉल घेतला. झालं.”

हे सगळं तो असं सांगायचा, जसं आपण सांगतो की कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणलं. मला मात्र अंगावर काटा यायचा. लाख माणसं ओरडताहेत, देशाचा देव चालून येतोय, आणि हा मधे शांत उभा!

मग गुडघा गेला. तिकडच्या क्लबांचे फोन यायचे बंद झाले. आमच्या क्लबला कुणीतरी खेळता खेळता खेळवूनही घेईल असा माणूस हवा होता, म्हणून बायको आणि लहान मुलीला घेऊन तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आला. पहिलं वर्ष नुसता खेळला. मग आधीचा मॅनेजर ऑस्ट्रेलियाला निघून गेला (तिथले निम्मे लोक तसेही ऑस्ट्रेलियाच्या वाटेवरच असतात) आणि याला खेळाडू-मॅनेजर केलं गेलं. पोरं त्याला ‘बॉस’ म्हणायला लागली. माझी बायको ‘भावोजी’ म्हणायची. तो तिला ‘बाहिनी’ म्हणायचा, कारण त्याच्या जिभेला ‘व’ मंजूरच नव्हता. त्याची बायको आम्हाला बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट खाऊ घालायची. आमच्या हिचा त्यावर कायमचा अभिप्राय: “छान आहे हो. फक्त मिरची घालायची विसरली बिचारी. रोजच विसरते.” त्याची मुलगी घरात स्पॅनिश ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. आमची मुलगीही मराठीच्या बाबतीत तेच करायची. दोन्ही बाप एकमेकांकडे बघून सुस्कारे सोडायचे.

पण त्या वर्षी सुस्कारे सोडायला वेगळंच कारण होतं. त्याचं वर्क परमिट क्लबच्या भरवशावर होतं. आणि आमचा क्लब गटाच्या तळाशी होता. कमिटीने त्याला तोंडावर सांगितलं होतं, आडपडदा न ठेवता, तिकडच्या पद्धतीने: मेट, क्लब या गटात टिकला तर तुला ठेवू. खाली घसरला तर नाही. म्हणजे आमची अकरा पोरं हरली की एक घर उठणार. त्याची मुलगी शाळेत रमली होती, ‘झकास’ म्हणायचं तिथे तिकडच्या पोरांसारखं ‘स्वीट ॲज’ म्हणायला लागली होती. बायकोला बेकरीत काम मिळालं होतं. आणि परत जाऊन तो करणार काय? तिकडे त्याला कुणी बोलावत नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, एवढा मोठा खेळाडू, मग संघ तळाशी का? चिखल, दुसरं काय! हा माणूस सगळ्यांना सांगायचा, धावू नका, बॉलला धावू दे. बॉल जमिनीवरून द्या, छोटा द्या, पुन्हा घ्या. आणि आमचं मैदान असं, की त्याच्यावर बॉल जमिनीवरून दिला की तो तिथेच बसून राहायचा, हट्टी पाहुण्यासारखा. पश्चिम ऑकलंडची ती चिकणमाती आणि तो हिवाळा! एकदा एक पास सोडला तो दुसऱ्या शनिवारी पोचला, असं मी मंडळात सांगायचो, आणि त्यात अतिशयोक्ती फार नव्हती. दुसरे संघ काय करायचे, बॉल ढगात मारायचे आणि खाली रग्बीसारखी झुंबड करायचे. आमची पोरं मात्र बॉसवरच्या श्रद्धेने चिखलात छोटे छोटे पास देत हरायची.

श्रद्धा का, तर मंगळवारच्या ट्रेनिंगला मी जे पाहिलं ते त्यांनीही पाहिलं होतं. एका संध्याकाळी तो सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, मारा बॉल, कुणीही, मी सांगतो कोण. मागून ठप्प असा आवाज झाला. “पोस्टमन. डावा पाय. आणि मागे रेलून मारतो आहेस, छाती पुढे घे.” आमचा सेंटर फॉरवर्ड पोस्टमन होता, उरल्या दिवसांत घरोघरी पत्रं टाकायचा. तो जागच्या जागी खिळला. पुन्हा ठप्प. “शाळामास्तर. बुटाची नाडी सुटली आहे.” शाळामास्तराने खाली पाहिलं. सुटली होती! देवाशपथ सुटली होती. मी वीस वर्षं ही गोष्ट सांगतो आहे आणि यात मी एक अक्षर घातलेलं नाही, म्हणूनच हिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तर मोसमाची शेवटची मॅच आली. जिंकलो तर टिकलो, बरोबरी झाली तरी गेलो. समोर शहराच्या पूर्वेकडचा, बॉटनी डाउन्सच्या बाजूचा एक संघ. त्यांचे बॅक बघितले तर वाटायचं, फ्रीजला कुणी चड्ड्या घातल्या आहेत. आणि नेमका त्या सप्टेंबरात पाऊस गायब झाला. कोरडा वारा सुटला. चिखल वाळला तो जसाच्या तसा, बुटांच्या खुणांसकट, खडबडीत. गुरुवारी बॉसने मैदानावर बॉल सोडला, ऐकलं आणि मान हलवली.

“जमीन बहिरी झाली,” तो म्हणाला. “आता पास दिला तर उड्या मारत जाईल. आमच्याकडे मॅचआधी मैदानाला पाणी मारतात. थोडंसं. मग बॉल घसरतो, बोलत जातो. इथे कोण मारणार पाणी? आणि हे उंचवटे कोण सपाट करणार?”

तो बोलला आणि बॉल उचलून निघाला. तक्रार करणाऱ्यांतला तो नव्हता. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं.

“मग त्यात काय?” ती म्हणाली. “प्रत्येकाच्या घरी बागेला नळी आहे. फोन करा सगळ्यांना. भावोजींसाठी एवढं नाही करायचं?”

मी फोन केले. आणि मराठी माणसाला तुम्ही फुटबॉलसाठी बोलावलंत तर तो विचार करेल, पण ‘मैदान तयार करायचंय, पाणी मारायचंय’ म्हटलंत तर तो हातातलं ऑपरेशन सोडून येईल. पिच बनवणं हे आमच्या रक्तात आहे. भूलतज्ज्ञ डॉक्टर तर फोनवरच म्हणाले, “नुसतं पाणी नाही चालत. पाणी आणि रोलर. मी कॉलेजच्या टीमला होतो. रोलरचं माझ्यावर सोड.”

मी सोडलं.

शनिवारी सकाळी कपडे बदलायच्या खोल्यांमागच्या एकुलत्या एक नळाला आम्ही पहिली नळी लावली, तिला दुसरी, तिला तिसरी. प्रत्येकाची नळी वेगळ्या जाडीची. मी दुकानातून आणलेल्या चिकटपट्टीने सगळे सांधे बांधले, अगदी हाड मोडल्यावर बांधतात तसे, वरून क्रेप बँडेज. तरी प्रत्येक सांध्यातून कारंजी उडत होती. मैदानात जेवढं पाणी पोचत होतं त्याहून जास्त आमच्या अंगावर.

आणि इथेच, जिथून मी सुरुवात केली तिथे, अध्यक्ष ओरडत आला.

बॉसने त्याला ‘श्श’ केल्यावर तो माझ्याकडे वळला. वळता वळता त्याची नजर पायाशी असलेल्या सांध्यावर गेली. तो वाकला.

“हे काय आहे?”

“सांधा,” मी म्हणालो.

“बँडेज?” त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख आलं ते मी फक्त गेलेल्या माणसाच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. “तू पाइपाला बँडेज बांधलंस?”

“आतून चिकटपट्टी पण आहे.”

त्याने आकाशाकडे पाहिलं. आम्हाला, बॉसला, स्पेनला, भारताला आणि पाण्याला एकत्र शिव्या घातल्या. मग तरातरा व्हॅनकडे गेला. मला वाटलं, आता हा कमिटीला बोलावणार. तर हा पाइप आवळायच्या क्लॅम्पांचा डबा घेऊन परत आला आणि चिखलात गुडघे टेकून एकेक सांधा नीट करायला लागला. तोंड चालूच. “मूर्खपणा आहे हा. निव्वळ मूर्खपणा. ती नळी धर. सरळ धर, मेट! मूर्खपणा करायचा तर गळका तरी नका करू.” खरा प्लंबर पाणी थांबवू शकला नाही तर निदान ते नीट तरी वाहवतो. पाण्याला असा जोर आला की पहिल्या फवाऱ्यात माझी बायको हातभर मागे सरकली.

तेवढ्यात मैदानाच्या मधून विजयाची आरोळी आली. “झालं! या, बघा. एकदम बॅटिंग विकेट!”

मी धावत गेलो. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मैदानाच्या बरोबर मध्यभागी, बरोबर बावीस यार्ड लांब, एक पट्टी ओली करून, रोलर फिरवून, आरशासारखी सपाट केली होती. बाकी मैदान जसंच्या तसं.

“डॉक्टरसाहेब! अहो फुटबॉल आहे!”

“मग? बॉलला सपाट जमीन नको?”

“पण सगळीकडे हवी ना!”

“सगळीकडे?” ते घाम पुसत माझ्याकडे बघत राहिले. “वेडा आहेस का? सगळीकडे रोलर कोण फिरवतं? जगात कुठेही विचार.”

आम्ही सगळे बॉसकडे बघायला लागलो. तो अनवाणी पट्टीपाशी आला. डोळे मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. दोन-चारदा बॉल सोडला. टक्, टक्. मग गुडघ्यावर बसून त्याने खरोखर जमिनीला कान लावला. मला वाटलं, आता हा रडणार. एका माणसाचं घर पणाला लागलेलं आणि आम्ही त्याला फुटबॉलच्या मैदानात क्रिकेटचं पिच करून दिलेलं!

तो उठला. हसत होता.

“रस्ता,” तो म्हणाला. “तुम्ही मला रस्ता दिलात.” आणि त्याने भूलतज्ज्ञांच्या गालाचा असा मुका घेतला की त्यांचीच शुद्ध हरपायची वेळ आली.

दुपारी रेफरी आला, त्या पट्टीवर बुटाची टाच दाबून बघितली, डोकं खाजवलं आणि शिट्टी तोंडात घातली. आमच्या पोरांना बॉल रुतणाऱ्या चिखलाची सवय, अशा घसरत्या मैदानाची नाही. पहिला हाफ म्हणजे सर्कस. पास दिला की तो साबणासारखा निसटून बाहेर. तो घ्यायला धावले की स्वतःच बाहेर. आमचा एक बॅक घसरला तो थेट चहाच्या टेबलापर्यंत गेला, आणि त्यांच्या एका फ्रीजने आरामात गोल मारला. अध्यक्ष कठड्यावर मुठी आपटत होता. “सांगितलं होतं! पाणी सांगितलं होतं का कुणी?” कठड्याजवळ बॉसची बायको उभी होती, मुलीचा हात धरून. तिने त्या हाफमध्ये एकदाही बॉलकडे पाहिलं नाही. फक्त नवऱ्याकडे.

हाफ टाइमला मी संत्र्याच्या फोडी वाटत होतो, म्हणून प्रत्येक शब्द ऐकला. मला वाटलं होतं, आता मोठं भाषण होईल. तो म्हणाला, “बॉल तुम्हाला वाटतं त्याच्याआधी येतो आहे. म्हणून धावू नका. उभे राहा. मधला रस्ता आपला आहे, तो त्यांना माहीत नाही.” बस. पोरं संत्री चोखत बाहेर गेली.

आणि मंडळी, मग मी जे पाहिलं ते सांगायला माझ्याकडे खोट्याचा साठा कमी पडतो. आमचा संघ धावायचा थांबला. सुतार, मास्तर, बसचा ड्रायव्हर, सगळे आपापल्या जागी शांत उभे, आणि बॉल त्यांच्यामधून ओल्या गवतावर सळसळत फिरतो आहे. खरंच बोलत होता तो. पायाला लागला की टप्, गवतावरून सरसर, पुन्हा टप्. ते फ्रीज त्याच्या मागे धावून धावून गरम झाले. एकदा बॉल त्या पट्टीवर आला आणि असा सुटला, की त्यांचा गोलकीपर अजून हातमोजे नीट करतो आहे तोवर आमच्या मास्तराने बरोबरी केली होती. आमचे डॉक्टरसाहेब ओरडले, “बघितलंत? विकेट फास्ट आहे!”

पण बरोबरी म्हणजे हार. वेळ संपत आली. आमचा एक खेळाडू लंगडायला लागला. एकच बदल उरला होता. बदली खेळाडू दोन: एक बॉस स्वतः, दुसरा पोस्टमन. पोस्टमनला त्या आठवड्यात ताप आला होता, म्हणून तो कोट घालून बाकावर बसला होता. सगळं मैदान ओरडायला लागलं. “स्वतः जा! बॉस, तू जा!” आमची मराठी मंडळीही ओरडली. माझी बायको तर शिट्टीच्या वर आवाज काढून: “भावोजी, जा हो!”

बॉसने ट्रॅकसूट उतरवला. मी त्याचा गुडघा सकाळीच बांधून ठेवला होता. इतका सुंदर की संग्रहालयात ठेवावा. तो रेषेवर जाऊन उभा राहिला. मला तेव्हाच दिसलं, राजधानीचं ते स्टेडियम, ते दीड लाख, आणि आता हा आत जाणार, आणि एकाच पायाने सगळं सोडवणार. त्याला जायचंही होतं. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, शर्यतीच्या घोड्यासारख्या. मैदानावर बॉल फिरत होता. टप्, सरसर, टप्. त्याने डोळे मिटले आणि ऐकलं.

मग त्याने ट्रॅकसूट पुन्हा चढवला.

“तू जा,” तो पोस्टमनला म्हणाला. “रस्त्याच्या टोकाला उभा राहा. काही करू नकोस.”

“बॉस, मला ताप आहे!”

“छान. म्हणजे धावणार नाहीस.”

मी त्याचा दंडच पकडला. “अरे, तुझं सगळं आज पणाला आहे! तू जा ना!”

तो माझ्याकडे वळला नाही. डोळे मैदानावरच. “मी गेलो तर सगळे बॉल मलाच देतील,” तो म्हणाला. “आत्ता ते एकमेकांना देताहेत. ऐक.”

मी ऐकलं. जन्मात पहिल्यांदा मला ते ऐकू आलं. प्रत्येक टप् वेगळा होता आणि प्रत्येक टप् पुढच्याला उत्तर देत होता. एका माणसाच्या डोक्यातला खेळ अकरा जणांच्या पायांत गेला होता, आणि तो माणूस बाहेर उभा राहून, हात पाठीमागे बांधून, आपल्याशिवाय तो चालताना बघत होता. लाख लोकांसमोर देवाला अडवणं सोपं असेल. पण बांधलेला गुडघा, थरथरणाऱ्या पोटऱ्या आणि कठड्यापाशी बायको-मुलगी असताना बाहेर उभं राहणं! मी त्याचा दंड सोडला. शेजारी अध्यक्षानेसुद्धा कठड्यावर मुठी आपटणं थांबवलं होतं.

शेवटच्या मिनिटाला सुताराने बॉल मास्तराला दिला, मास्तराने ड्रायव्हरला, आणि ड्रायव्हरने तो हळूच पट्टीच्या या टोकाला ठेवला. त्या आरशावरून तो बॉल जो निघाला, तो दोन फ्रीजांच्या मधून, त्यांनी पाय उचलायच्या आत, पलीकडे गेला. तिथे तापाने फणफणलेला पोस्टमन उभा होता. नुसता उभा. त्याने आयुष्यभर बॉलच्या मागे धाव घेतली होती. आज बॉल त्याच्याकडे आला होता, पत्र दारात यावं तसा. त्याने छाती पुढे घेतली आणि पाय लावला.

गोल झाल्यावर जो आवाज उठला तो वाऱ्याबरोबर पार अवोन्डेलला गेला असेल. मी डॉक्टरांना मिठी मारली, डॉक्टरांनी रेफरीला, आणि माझ्या बायकोने अनवधानाने नळ पुन्हा सोडला. बॉसची मुलगी कठड्याखालून घुसून बापाकडे धावली आणि त्याच्या बांधलेल्या गुडघ्याला लटकली. तो खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

शिट्टी झाली. पोरं बॉसला खांद्यावर घ्यायला धावली, तो त्यांच्या हातून निसटून गवतावर बसून राहिला. मला धीर नव्हता. मी गर्दीतून वाट काढत अध्यक्षाला गाठलं. तो एकटाच कठड्याला टेकून उभा होता, टोपी डोळ्यांवर ओढलेली.

“आता राहणार ना हा?” मी विचारलं. “परमिटला कमिटीचा होकार ना? सांगा ना, मी त्याच्या बायकोला जाऊन सांगतो.”

त्याने मैदानाकडे पाहिलं. मग पलीकडच्या गोलकडे. मग नाक ओढलं.

“गोलच्या जाळ्या सोडवून नीट गुंडाळून ठेवायला सांग त्याला,” तो म्हणाला. “पुढच्या मोसमात त्यालाच त्या पुन्हा बांधायच्या आहेत. गुंता काढत बसायला मला वेळ नाही.”